निरोप्याचा धर्म

'मी कोण?', 'कुठून आलो?', 'शेवटी कुठे जाणार?' हे प्रश्न मोठ्या माणसांचे. आमच्यासारख्या चार नंबरच्या काउंटरवरच्या माणसाला ते पडत नाहीत. मी कोण ते छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं असतं, कुठून आलो ते सर्व्हिस बुकात असतं आणि शेवटी कुठे जाणार याची नोंद पेन्शन विभाग ठेवतो. माझा प्रश्न लहान आहे. एका माणसाने दुसऱ्याला सांगण्यासाठी आपल्याजवळ निरोप दिला, तर तो जसाच्या तसा पोचवावा, की पोचवण्याजोगा करून पोचवावा?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पण जरा आठवून पाहा. निम्मं आयुष्य आपण कुणाचं तरी म्हणणं कुणाला तरी सांगण्यात घालवतो. साहेबाचं गिऱ्हाइकाला, गिऱ्हाइकाचं साहेबाला, आईचं बायकोला, बायकोचं दूधवाल्याला. आणि तरीही 'तू हे काम कोणत्या पद्धतीने करणार?' असं मला सेहेचाळीस वर्षांत एकाही माणसाने विचारलं नव्हतं. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं, बँकेच्या परीक्षेत नव्हतं, लग्नात भटजींनीही विचारलं नाही. ते विचारलं एका यंत्राने. दोन शब्द पुढ्यात ठेवले, 'ब्रिज' आणि 'राऊटर', आणि खाली 'सेव्ह' असं बटण. 'विचार करून कळवतो' ही सोय नव्हती.

आता हे यंत्र घरात का आलं ते सांगायला हवं. आमचं घर चिपळूणपासून थोडं आत, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. 'कुशीत' हा शब्द कवितेत बरा वाटतो. मोबाइलच्या दृष्टीने कूस म्हणजे खड्डा. फायबरची केबल रस्त्याच्या कडेने वाडीच्या अलीकडच्या पऱ्यापर्यंत आली (देशावरची मंडळी ज्याला ओढा म्हणतात, तो आमचा पऱ्या), आणि तिथे तिचा विचार बदलला. मग समोरच्या डोंगरावर टॉवर असलेल्या एका इंटरनेटवाल्याने सुचवलं, 'तारेचं कशाला धरून बसता? हवेतून देतो.' हवेतून घेणं ही गोष्ट आमच्या घराला नवी नाही. वडिलांच्या ट्रंकेत त्यांच्या रेडिओच्या परवान्याचं पुस्तक अजून आहे. त्या काळी नुसतं ऐकण्यासाठीसुद्धा दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत; ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं, आणि २०१८ पासून तर आमच्या डिशच्या पट्ट्यात, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या आसपास, घराबाहेर यंत्र लावायलाही परवाना लागत नाही. आपल्या वाट्याला आलेली सार्वजनिक मालमत्ता एवढी स्वच्छ मी प्रथमच पाहिली.

डिश म्हणजे मोठ्या परातीएवढी. पाण्याच्या टाकीच्या मचाणाला पाइप बांधून इंटरनेटवाल्याचा पोरगा वर चढला आणि मी खाली लॅपटॉप घेऊन आकडे ओरडायला बसलो. 'उणे ब्याऐंशी!' 'आता?' 'उणे अठ्ठ्याहत्तर!' हा सगळा हिशेब उण्यात चालतो आणि कधीच अधिकात येत नाही, हे कळल्यावर माझ्यातला कॉमर्स पदवीधर अस्वस्थ झाला. आमच्याकडे उणे शिल्लक म्हणजे ओव्हरड्राफ्ट, आणि त्यावर समाधान मानायची पद्धत नाही. पण पोरगा म्हणाला, 'काका, दहाने सुधारलं म्हणजे दहापट, वीसने सुधारलं म्हणजे शंभरपट.' शेवटी उणे चौसष्टवर गाडी थांबली. या दराने आमच्या बँकेने ठेवींवर व्याज दिलं असतं, तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो. (सेहेचाळिसाव्या वर्षी 'काका' म्हणवून घेण्याबद्दलही माझं म्हणणं आहे, पण तो वेगळा लेख होईल.)

त्या पोराने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. टॉवर नुसता दिसून भागत नाही म्हणे. दोन ठिकाणांच्या सरळ रेषेभोवती हवेत एक लांबट, मधे फुगीर जागा लागते आणि तीही बरीचशी मोकळी लागते. आमच्या टाकीपासून टॉवर सुमारे तीन किलोमीटर. तेवढ्या अंतराला मधोमध ही जागा रेषेच्या चारी बाजूंना साधारण सहा मीटर पसरते. वीस फूट! लहर पाच सेंटीमीटरची, म्हणजे माझ्या करंगळीएवढी, आणि तिला आजूबाजूला मोकळीक मात्र अशी. झाडाची ओली पानं त्या जागेत शिरली की आकडे घसरतात. या जागेला फ्रेनेल या फ्रेंच माणसाचं नाव आहे. तो वारला १८२७ साली, म्हणजे बिनतारी प्रकार जगात येण्याच्या कितीतरी आधी. प्रकाशाचा अभ्यास करता करता त्याला हे सापडलं. दोन माणसं एकमेकांना दिसत असूनही त्यांचं एकमेकांना काही कळत का नाही, याचं याहून समंजस कारण मला कुठल्या ग्रंथात मिळालेलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. खरी गंमत पोरगा स्कूटरवरून निघून गेल्यावर सुरू झाली. आता घरात दोन यंत्रं होती. एक डिशमधलं, टॉवरचा सिग्नल झेलणारं. त्याला आपण 'वरचा' म्हणू. दुसरा घरात कपाटावर बसवलेला चार शिंगांचा राऊटर, तो 'खालचा'. मधे एक केबल. ती केबल वरच्याला वीज नेऊन देते आणि त्याच्याकडून माहिती घेऊन येते. एकाच पिशवीतून जाताना पैसे न्यावे आणि येताना तांदूळ आणावे, तशी. पण हे दोघेही कारखान्यातून निघताना स्वतःला घरचे कर्ते समजूनच निघालेले. वरच्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि खालच्याचाही तोच. हे आकडे जगातल्या जाणत्या मंडळींनी १९९६ साली घरगुती वापरासाठी म्हणून वेगळे काढून ठेवलेत. जगभर असंख्य घरांत हाच पत्ता असतो आणि कुठे भांडण होत नाही, कारण प्रत्येक गावचा मारुती आपापल्या वेशीच्या आत असतो. आमच्याकडे एकाच गाभाऱ्यात दोन झाले.

घरात नवीन येणाऱ्या प्रत्येक यंत्राला नंबर नेमून देण्याचं कामही दोघेच करायला धावत. जो आधी बोलेल त्याचा नंबर. वरच्याने जो नंबर माझ्या मोबाइलला दिला, तोच खालच्याने हिच्या मोबाइलला दिला. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर आम्ही दोघं प्रथमच एका नंबरवर आलो आणि दोघांचंही इंटरनेट बंद पडलं.

मी पोराला फोन लावला. तो कुणाच्या तरी कौलांवर होता. तिथूनच म्हणाला, 'काका, घरात दोन राऊटर कसे चालतील? वरच्याला ब्रिज करा. किंवा वरच्याला राहू दे राऊटर, खालच्याला गप्प करा. पण एकालाच बोलू द्या.'

मग मी ते दोन शब्द म्हणजे काय ते समजून घ्यायला बसलो. आणि जसजसं समजत गेलं, तसतसं हे आपल्या ओळखीचं आहे असं वाटू लागलं. राऊटर म्हणजे शुद्ध बँकेतला कारकून. घरातली पाच यंत्रं बाहेर काही ना काही मागत असतात. राऊटर प्रत्येकाच्या अर्जावरचं नाव खोडतो, तिथे स्वतःचं नाव घालतो, कुणाचा अर्ज कोणत्या टोकनवर गेला ते रजिस्टरात टिपतो आणि उत्तर आलं की टोकन पाहून ज्याचं त्याला देतो. आत किती माणसं आहेत, त्यांची नावं काय, याचा बाहेरच्या जगाला पत्ता नाही. जे काय बरंवाईट ते कर्त्याच्या नावावर. बाहेरून कुणी न बोलावता दार वाजवलं, तर रजिस्टरात नोंद नाही म्हणून त्याला दारातूनच परत पाठवायचं, हेही त्याचंच काम. ब्रिजचं उलटं. त्याला रजिस्टर नाही आणि मत नाही. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. पाकीट फोडायचं नाही, त्यावरचं नाव बदलायचं नाही. दोन बाजूंना वाटावं की आपण थेट बोलतो आहोत. मधे कुणी आहे हेच विसरलं जावं.

आणि समजा, पत्ते वेगवेगळे करून दोघांनाही राऊटरच ठेवलं, तर? तर तेही चालतं. नाव दोनदा खोडलं जातं, नोंद दोन रजिस्टरांत होते, एवढंच. आतून मागितलेलं सगळं येतं. अडतं ते बाहेरून आपणहून कुणी यायला निघालं की. पहिला म्हणतो, 'पुढचं मला माहीत नाही,' आणि दुसऱ्याला तर कुणी आलं होतं हेच कळत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे वहिनी येणार आहेत.

जुन्या काळी निरोप्यांत दोन्ही जातींचे लोक होते. तारवाला ब्रिज. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, पण त्याआधी तारवाल्याची सायकल फाटकाशी थांबली की बायका आधी रडून घेत आणि मग कागद उघडत. कागदावर कधी कधी बढतीची बातमी निघे. तारवाल्याने 'घाबरू नका' म्हटलं असतं तर केवढं बरं झालं असतं, पण ते त्याच्या कामात बसत नव्हतं. उलट पोस्टमन. आमच्या वाडीत पूर्वी पत्र देणारा पोस्टमन वाचूनही दाखवी. मुंबईच्या गिरणीतल्या मुलाने 'या महिन्यात पैसे जमणार नाहीत' असं कोरडं लिहिलेलं असे. वाचताना पोस्टमन 'शिरसाष्टांग नमस्कार'पासून सुरुवात करी आणि पैशांच्या आधी मुलाची तब्येत, त्याची खोली, खोलीतली गळती असं सगळं स्वतःच्या पदरचं घालून म्हातारीला हळूहळू पैशांपर्यंत आणी. म्हातारी म्हणे, 'किती छान लिहितो!' तो पोस्टमन खोटं बोलत होता का? मला सांगता येत नाही. तुम्ही सांगू शकत असाल तर तुमचं लग्न बहुधा झालेलं नसावं.

धर्मराजाने अश्वत्थाम्याच्या प्रकरणात जे केलं ते मात्र मला या दोन्हींत बसवता येत नाही. निरोप पूर्ण द्यायचा, पण शेवटचा शब्द मुद्दाम गोंगाटात हरवायचा, ही ब्रिजचं सोंग घेतलेल्या राऊटरची करणी. आमच्या बँकेत असे लोक बढती मिळवतात.

माझा आदर्श संजय. युद्धाचं धावतं वर्णन करणारा संजय नव्हे. त्याच्यावर इतक्या जणांनी इतके विनोद केलेत की मी त्यात भर घालणार नाही. मला उद्योगपर्वातला संजय जवळचा वाटतो. धृतराष्ट्र त्याला पांडवांकडे पाठवतो. निरोप काय, तर शांतता ठेवा. राज्य परत देतो, असं त्यात कुठेही नाही. असा निरोप घेऊन जाणं म्हणजे खात्यात पैसे नसताना चेक घेऊन पाठवण्यासारखं. पण संजय जातो, बोलतो, ऐकतो आणि रात्री परततो. राजा विचारतो, 'काय म्हणाले?' तेव्हा हा गृहस्थ प्रथम राजालाच तुझं वागणं बरं नाही म्हणून चांगलं सुनावतो आणि मग म्हणतो, रथाच्या वेगाने अंग खिळखिळं झालंय, आता मी झोपतो, युधिष्ठिराचं म्हणणं उद्या सकाळी सभेत सगळ्यांसमोर सांगीन! काउंटरची वेळ संपल्यावर 'उद्या या' म्हणणाऱ्या आम्हा सर्वांचा हा मूळपुरुष. त्या रात्री राजाला झोप आली नाही, त्याने विदुराला बोलावून घेतलं आणि त्या जागरणातून विदुरनीती झाली. पण माझ्या दृष्टीने संजयाची खुबी वेगळीच आहे. स्वतःचं मत त्याने स्वतःच्या नावावर, खाजगीत, तोंडावर सांगितलं. आणि दुसऱ्याचा निरोप दुसऱ्याच्या नावावर, भर सभेत, न कापता सांगितला. दोन्ही एका पाकिटात घातलं नाही.

हे बँकेत बसून करून पाहा म्हणावं. आमचं खातं कोणतंही असो, धर्म ब्रिजचा. सही जुळली, शिल्लक असली, की पैसे द्यायचे. 'कशाला काढताय?' हा प्रश्न आमच्या अखत्यारीत नाही. बोलण्याची भाषासुद्धा ठरलेली. पूर्वी चेक परत करताना त्यावर 'रेफर टु ड्रॉवर' असा शेरा मारत. म्हणजे, ज्याने चेक दिला त्यालाच विचारा, आम्ही काही बोललो नाही. शिल्लक नाही हे न सांगता सांगण्याची ती खानदानी तऱ्हा होती. पुढे १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणं हा गुन्हा ठरला, कारण स्पष्ट लिहिण्याला महत्त्व आलं, आणि त्या अदबीचे दिवस संपत आले.

पण गेल्या काही वर्षांत आमच्या काउंटरवर एक नवीनच प्रकार येऊ लागलाय. एके दिवशी एक निवृत्त शिक्षिका सहा लाखांची ठेव मोडायला आल्या. मुदतीला दोन महिने बाकी. पैसे कुठल्याशा लांबच्या खात्यात पाठवायचे होते. फॉर्म बिनचूक भरलेला, सही जुळणारी. आणि हात असा थरथरत होता की सही जुळली कशी याचंच मला नवल वाटलं. पर्समध्ये मोबाइल चालू असल्याचा उजेड दिसत होता. ब्रिजच्या धर्माने मी शिक्का मारायला हवा होता. मी स्लिपच्या पाठीमागे लिहिलं, 'फोनवर कोणी आहे का?' आणि ती त्यांच्यापुढे सरकवली. बाईंनी मान हलवली. कुणी तरी पोलीस अधिकारी बनून त्यांना घरातच 'डिजिटल अटक' करून ठेवली होती, सकाळपासून. असली अटक कायद्यात कुठेच नाही हे मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवून सांगितलं, १९३० या नंबरवर तक्रार लावली, मी चहा मागवला. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, 'चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, कुणाला घाबरू नका.' आणि रडू लागल्या. ठेव वाचली. शिक्षिका वाचल्या की नाही, ते मला सांगता येत नाही.

त्यानंतर महिन्याभरात एक आजोबा आले. तसाच फॉर्म, तशीच मुदतीआधी मोडायची ठेव, तसाच थरथरता हात. मी आवाज शक्य तितका मऊ करून विचारलं, 'आजोबा, एवढी रक्कम कशासाठी लागत्ये?' आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे नीट पाहत विचारलं, 'साहेब, ठेव माझ्या नावावर आहे की तुमच्या?' मागच्या रांगेतली चार माणसं हसली. मी शिक्का मारला. पैसे कशाला हवे होते ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं असं मला अजिबात वाटत नाही. मी विचारायला हवं होतं, असं मात्र वाटतं. दोघांचे हात सारखेच थरथरत होते, हो. एकाचं कारण भीती आणि दुसऱ्याचं कारण ऐंशी वर्षं. यंत्राला एकदा 'सेव्ह' दाबलं की सुटलं. आम्हाला टोकनागणिक नव्याने ठरवावं लागतं, आणि रांग थांबत नाही.

आता घरचं. आमची सतरा हापूसची कलमं आणि दोन फणस, एवढीच आमची इस्टेट. माझे थोरले बंधू, दादा, पुण्याला असतात. त्यांचं म्हणणं, कलमं दहा वर्षांच्या कराराने देऊन टाकावीत; फवारणी, राखण, माकडं यांची कटकट नको. आईचं म्हणणं, ती सासऱ्यांनी लावलेली कलमं आहेत, माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुणी त्यांना काठी लावायची नाही. या एका मुद्द्यावरून दादा दोन गणपतींना आले नाहीत. कोकणातला माणूस गणपतीला येत नाही म्हणजे काय, ते कोकणाबाहेर समजावून सांगता येणार नाही. फोनवर दोघं बोलेनात. आईला ऐकू कमी येतं हे कारण दोन्हीकडून सोयीचं होतं.

तेव्हा निरोप माझ्यामार्फत. आई म्हणे, 'त्या शहाण्याला सांग, आई मेल्यावर कर काय तो करार.' मी फोन लावी. फोन वहिनी घेत. मी सांगे, 'वहिनी, आई दादाची फार आठवण काढत्ये. कलमांचं जरा सबुरीने घेऊ म्हणत्ये.' वहिनी आत जाऊन दादांना काय सांगत ते मला पुढे कळलं: 'घरी सगळं छान आहे म्हणे. मोहोर चांगला आलाय.' उलट दिशेने दादा म्हणत, 'तिला म्हणावं, झाडं सांभाळायला माझ्या म्हाताऱ्या आईने पहाटे फटाके लावून माकडं हाकायची, हे मला बघवत नाही.' हे वाक्य वहिनींकडे 'ते जरा कामात आहेत' असं होई आणि माझ्याकडून आईपर्यंत जाताना 'दादा म्हणाला, काळजी घे' एवढं उरे. दोन राऊटर. नाव दोनदा खोडलेलं. विचारलेलं येत होतं, जात होतं. आपणहून जे निघे ते मधेच कुठल्यातरी दाराशी पडे. तीन वर्षं अशी गेली.

वरच्याला ब्रिज करून, इंटरनेटवाल्याने दिलेलं नाव आणि पासवर्ड खालच्यात भरून, दोघांची समजूत पटली तेव्हा पुतण्याने पुण्याहून व्हिडिओ लावला. मोठ्या पडद्याचा फोन, कानाला लावायचं यंत्र, समोर आई. पलीकडे दादा. पहिली दोन मिनिटं दोघंही 'दिसतंय का? ऐकू येतंय का?' यात गेली. आणि मग चाळीस मिनिटं जे झालं त्याला भांडणच म्हणतात. आईने 'मेल्यावर कर' हे वाक्य मूळ स्वरूपात ऐकवलं. दादांनी माकडांचं वाक्य मूळ स्वरूपात ऐकवलं. मी माजघराच्या दारात उभा होतो. पडद्यावर दादांच्या मागे, त्यांच्या दारात, वहिनी उभ्या दिसत होत्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. संप नसताना कामबंद झालेल्या दोन कारकुनांसारखे दिसत असू.

फोन ठेवल्यावर मी आईला पाणी दिलं. ती म्हणाली, 'तू तीन वर्षं सांगत होतास ते दादाचं नव्हतंच. तो "काळजी घे" म्हणत नाही कधी. त्याच्या वडिलांनीही नाही म्हटलं.'

'मग तू तेव्हाच का बोलली नाहीस?'

'कसं बोलणार? तू इतक्या मेहनतीने सांगायचास.'

तर हे असं. माझं मत मात्र बदललेलं नाही. त्या तीन वर्षांत दोघांची वाक्यं कच्ची पोचली असती, तर भांडायलासुद्धा ती पडद्यासमोर बसली नसती. आईचं मत वेगळं आहे. तिच्या मते, 'मला बघवत नाही' एवढे तीन शब्द जरी गाळले नसते, तरी दादा एका गणपतीला आला असता. ते शब्द माझ्यापर्यंत कधी आलेच नव्हते, ते वहिनींच्या दाराशी पडले होते, हे मी तिला सांगितलेलं नाही. तो निरोप माझा नव्हे.

कलमांचं अजून ठरायचंय. दर रविवारी दोघं बोलतात. निम्मा वेळ भांडतात, उरलेल्या वेळात आई दादांना जेवलास काय ते विचारते. परवा मात्र दुपारी, बँकेत, वहिनींचा मला वेगळा फोन आला. आवाज अगदी खालचा.

'भाऊजी, एक सांगायचं होतं. कराराने द्यायचं माझ्या मनात नाही. मुलगा आता नोकरीला लागला. मी तिथे येऊन राहते की फेब्रुवारीपासून मेपर्यंत. आईंबरोबर सगळं बघीन. तेवढं तुम्ही यांना सांगाल का? पण मी म्हटलं असं नका सांगू. तुम्हालाच सुचलं म्हणून सांगा.'

समोर रांग होती. मी म्हटलं, 'वहिनी, सांगतो. पण तुमचं नाव घालून सांगतो.'

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, लाइन गेली.

'बरं,' वहिनी म्हणाल्या. 'पण मग आधी आईंना सांगा.'